आपल्या बेताचे साहस: ‘झेपणे’, ‘पेलणे’ की ‘मानवणे’?

विचारणा (बेळगाव)

खानापूर तालुक्यातील जंगलवाटांवर हिंडणाऱ्या आमच्या मंडळासाठी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत एक सूचनापत्र तयार करीत आहोत. येणाऱ्या प्रत्येकाने आपल्याला किती साहस योग्य आहे ते आधी ठरवावे, एवढाच त्याचा आशय आहे. कन्नड मजकुरातील ‘साहस’ कोणालाही खटकले नाही. मराठी मजकुरावर मात्र काही ज्येष्ठ सभासदांचा आक्षेप आला की साहस म्हणजे अविचार, तेथे ‘धाडस’ लिहावे. शिवाय ‘योग्य’ हा शब्द मला स्वतःलाच फार ढोबळ वाटतो. ‘झेपेल एवढे’, ‘पेलेल एवढे’ आणि ‘मानवेल एवढे’ यांपैकी काय लिहावे, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर (खानापूर)

ज्येष्ठांचा आक्षेप निराधार नाही. संस्कृतात ‘सहस्’ म्हणजे बळ, आणि ‘साहस’ म्हणजे बळजोरीने केलेले कृत्य. धर्मशास्त्रातील अठरा व्यवहारपदांत, म्हणजे दाव्यांच्या विषयांत, साहस हा एक गुन्हाच गणलेला आहे. मनुस्मृतीत तर दंडाच्याच तीन पायऱ्यांना प्रथम, मध्यम आणि उत्तम साहस अशी नावे असून त्या अनुक्रमे 250, 500 आणि 1000 पणांच्या, म्हणजे त्या काळच्या नाण्यांच्या, आहेत. (साहसाची प्रतवारी करण्याची हौस आजची नाही, हे आपल्या मंडळाला सांगायला हरकत नसावी.) या जुन्या अर्थाची सावली मराठीत ‘भलते साहस करू नका’ यासारख्या प्रयोगांत अजून रेंगाळते. कन्नडमध्येही ‘हुच्चु साहस’, म्हणजे वेडे साहस, असे म्हणतात. पण तेथे वेडेपणा वेगळा सांगावा लागतो, कारण नुसते ‘साहस’ हे पराक्रमाच्या बाजूला झुकलेले आहे. कन्नड चित्रपटांच्या श्रेयनामावलीत मारामारीच्या प्रसंगांचे दिग्दर्शन ‘साहस’ या नावाखालीच दिलेले असते. आपल्या भागातील मराठी माणूस दोन्ही भाषा रोज ऐकत असल्याने त्याच्या कानाला हा शब्द पुण्याच्या वाचकापेक्षा कमी टोचतो, असे माझे निरीक्षण आहे.

तरीही ‘साहस’ काढून ‘धाडस’ घातले म्हणजे काम झाले, असे मला वाटत नाही. ‘मला तसे विचारण्याचे धाडस झाले नाही’ असे आपण सहज म्हणतो. ‘मला साहस झाले नाही’ असे मात्र कोणी म्हणत नाही. धाडस होते किंवा होत नाही, साहस केले जाते. म्हणजे धाडस हा माणसाच्या ठिकाणचा गुण आणि साहस ही त्याच्या हातून घडणारी कृती. जांबोटीजवळचा वज्रपोहा धबधबा समोरच्या कड्यावरून पाहणे आणि त्याच्या तळाकडे उतरू पाहणे ही दोन निरनिराळी साहसे आहेत, मग जाणाऱ्याच्या अंगी धाडस कितीही असो. सूचनापत्रात निवडायची आहे ती कृती. त्यामुळे ‘साहस’च ठेवावे, असे माझे मत आहे.

प्रश्न (बेळगाव)

मग वाटेची श्रेणी लिहून दिली तर पुरेसे होणार नाही का? दांडेलीला काळी नदीत तराफ्यावरून नेणारे लोक पाण्याची श्रेणी सांगतातच.

उत्तर (खानापूर)

श्रेणी पाण्याची असते, बसणाऱ्याची नव्हे. नदीच्या खळाळाच्या आंतरराष्ट्रीय मापनात सहा श्रेण्या आहेत. आल्प्समधील पायवाटांसाठी स्वित्झर्लंडच्या गिर्यारोहण मंडळाने ठरवलेल्या श्रेण्याही सहाच आहेत. या श्रेण्या खडक, उतार आणि पाण्याचा जोर यांविषयी बोलतात. शिवाय काळी नदीचे पाणी वरच्या सुपा धरणातून किती सोडले आहे यावर खळाळाचे रूप पालटते. श्रेणी अवश्य लिहावी. परंतु ती वाचून माणसाने स्वतःला जे विचारायचे, त्यासाठी आपण दिलेल्या तीन क्रियापदांचा उपयोग आहे, आणि ती एकमेकांच्या जागी चालणारी नाहीत.

‘झेपणे’ शक्तीचा हिशेब सांगते. दम किती टिकतो, गुडघे उतार सोसतात का, पोहता येते का, या गोष्टी घरबसल्या किंवा गावाजवळच्या राजहंसगडावर एक फेरी मारून बऱ्याच अंशी अजमावता येतात. ‘पेलणे’ यात भार उचलून धरणे आहे. म्हणून ते स्वतःपुरते चालणाऱ्यापेक्षा इतरांना घेऊन जाणाऱ्याला अधिक लागू पडते. जी वाट मला एकट्याला झेपते, तीच वाट नवख्या मंडळींची जबाबदारी घेऊन मला पेलेलच असे नाही.

‘मानवणे’ याहून निराळे. परगावचे पाणी मानवत नाही, औषध मानवत नाही, असे आपण म्हणतो. त्यात अशक्तपणाचा ठपका नसतो, प्रकृतीशी जुळण्याचा प्रश्न असतो. भीमगडाच्या जंगलात पावसाळ्यातील जळवा, भिजलेले बूट आणि दिवसभराचे धुके धडधाकट माणसाला झेपते, आणि तरीही मानवत नाही. तो माणूस पुढच्या वेळी येत नाही आणि आपण त्याला उगीच भित्रा ठरवतो. उलट, ज्याला कड्याच्या टोकावर उभे राहणे मनापासून मानवते, पण ज्याच्या पायांना तेवढी सवय झालेली नाही, त्याचीच मला अधिक काळजी वाटते, कारण त्याची ओढ त्याच्या कुवतीच्या पुढे धावत असते. झेपणे आधी अजमावता येते. मानवणे बहुधा जाऊन आल्यावरच कळते, आणि म्हणून पहिली वाट सौम्य असावी.

मानसशास्त्रातही असा भेद केलेला आढळतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्विन झुकरमन यांनी 1964 पासून उत्कट अनुभवांच्या ओढीचे मापन विकसित केले, त्यात थराराची ओढ आणि नव्या अनुभवाची ओढ या दोन गोष्टी वेगवेगळ्या धरल्या आहेत. अनोळखी प्रदेशात एकट्याने फिरणे मानवणाऱ्या माणसाला उंचावरून उडी मारणे मानवलेच पाहिजे, असे नाही. ‘कमी साहसी’ आणि ‘जास्त साहसी’ अशा एकाच पट्टीवर माणसे मोजू नयेत, एवढे यातून नक्कीच घ्यावे.

पुरवणी (निपाणी)

आमच्या आखाड्यात यासाठी ‘जोड’ हा शब्द आहे. वस्ताद पैलवानाचे वजन आणि तयारी पाहून जोड लावतात. फार हलकी जोड लागली तर प्रेक्षक आणि पैलवान दोघेही कंटाळतात, आणि फार भारी लागली तर दुखापत होते. मात्र आखाड्यात जोड दुसरा कोणी ठरवतो आणि आपल्या मंडळाला ती ज्याची त्याने ठरवायला हवी आहे. त्यामुळे शब्द गोड असला तरी सूचनापत्रात तो नेमका बसणार नाही.

समारोपाचा मसुदा (बेळगाव)

सर्वांचा आभारी आहे. मराठी मजकूर असा करीत आहे: ‘सोबत वाटेची श्रेणी दिली आहे. ती आपल्याला झेपेल का, हे आधी अजमावावे. इतरांना सोबत आणणार असाल, तर त्यांची जबाबदारी पेलेल का, याचाही विचार करावा. अशा वाटा मानवतात की नाही हे ठाऊक नसल्यास पहिल्या खेपेला सर्वांत सोपी वाट निवडावी, आणि मधूनच परतावेसे वाटल्यास तसे मोकळेपणाने सांगावे.’ कन्नड मजकुरात ‘मानवणे’ कसे आणावे, हा प्रश्न मात्र उरतो.

उत्तर (खानापूर)

त्यासाठी ‘ओग्गु’ हे क्रियापद घ्यावे. पाणी मानवले नाही याला कन्नडमध्ये ‘नीरु ओग्गलिल्ल’ म्हणतात, आणि हवामान व अन्न यांविषयीही तेच क्रियापद चालते. वाटेविषयी ते थोडे नवे वाटेल, पण कन्नड वाचकाला अर्थ विचारावा लागणार नाही.