शेळीला हात लावायचे साडेसहाशे?

चिडकी_मुलुंडकर: काल एकाने इथे लिहिलं, 'सुट्टीत मुलांना कर्जतच्या पेटिंग फार्मवर नेलं, निसर्गाशी नातं जुळलं.' नातं? प्राण्यांना हात लावायचं, भरवायचं ते फार्म; आम्हीही गेलो होतो. माणशी साडेसहाशे, वर वाटीभर गाजराचे तुकडे. दुपारी एकच्या उन्हात ससे कोपऱ्यात एकमेकांवर चढून दडलेले. पहाटे नि तिन्हीसांजेला हुंदडणारा प्राणी तो, दुपारी झोपू द्या की! एका काकांनी फोटोसाठी त्याला कान धरून उचललं. मागचे पाय लोंबकळत होते. तशात ससा जोरात लाथा झाडतो नि कणा मोडून घेतो. तिथला पोरगा म्हणे, 'ताई, रोजचंच आहे.'

बाबा_ठाणे: ताई, तुमचं फार्म वाईट म्हणून सगळीच वाईट? माझी पोरगी कुत्रा दिसला की माझ्या खांद्यावर चढायची. तिथे शेळीने तिच्या तळहातावरचा पाला खाल्ला आणि ही ओरडली, 'बाबा, हिला वरचे दातच नाहीत!' पुढचे वरचे खरंच नसतात. चाळिशीत आलो तरी मला पत्ता नव्हता.

कणकवलीकर: एवढे पैसे कशाला? गावाला जा. आम्ही मे महिनाभर मामाच्या गोठ्यात पडलेले असायचो.

बाबा_ठाणे: कोकण रेल्वेचं तिकीट काढून द्या, जातो. ६० दिवस आधी सकाळी ८ ला आरक्षण उघडतं, ८:०३ ला वेटिंग.

कणकवलीकर: १२० दिवस होते तेव्हा तरी कुठे मिळायचं? एसटीने या.

बाबा_ठाणे: कुठल्या रस्त्याने? २०११ पासून रुंद होतोय त्या मुंबई-गोवा हायवेने?

परळचा_नातू: 'गावाला जा' म्हणणाऱ्यांचा मला जाम राग येतो. सगळ्यांना गाव असतं का? आमचं गाव गिरणगाव. ८२ च्या संपानंतर आजोबा परत गेले होते, भावकीने ओटीवरसुद्धा टेकू दिलं नाही. माझ्या पोराने पहिली म्हैस जोगेश्वरीच्या तबेल्यात पाहिली. फुकट.

कणकवलीकर: अहो, मी तुमच्या आजोबांबद्दल काही बोललो का?

परळचा_नातू: मामाचा गोठा मिरवायला तुम्हीच आणलात.

गुरांचा_डॉक्टर: भांडा, पण फार्मवर पाव नेऊ नका. शेळीने भसाभस पाव खाल्ला की पोटात आम्ल वाढतं, पोट फुगतं, कधी मरतेही. पोरांचे हात साबणाने धुवा, सॅनिटायझरवर भागवू नका.

चिडकी_मुलुंडकर: आमच्याकडे साबणाची वडी होती, नळाला पाणी नव्हतं. बरं बाबा_ठाणे, शेळीचे दात तुमच्या नावावर जमा. उरलेले सहाशे कशाचे ते सांगा.

बाबा_ठाणे: पिठलं-भाकरीचे. भाकरी गार होती, कबूल.

राणीबाग_फॅन: राणीच्या बागेत जा की. बुधवार सोडून.

चिडकी_मुलुंडकर: तिथे पेंग्विन काचेआड. निदान कान धरून कुणी उचलत नाही.

कणकवलीकर: नातू, रागावला असाल तर सॉरी. मेमध्ये या आमच्याकडे, गोठा आहे अजून. गुरं विकली, तेवढं सोडा.

परळचा_नातू: मग गोठ्यात काय बघू?

कणकवलीकर: आमची स्कूटर.