वाचायला कंटाळणाऱ्या मुलांसाठी विनोदी पुस्तके: वाचन की वाचनाचा आभास?

चष्मेवाला (धागाकर्ता)

सात ते दहा वर्षांच्या, वाचायला कंटाळणाऱ्या मुलांच्या हाती विनोदी पुस्तके द्यावीत का, यावर पालक आणि शिक्षक यांचे सहसा एकमत होत नाही. मी बोलतो आहे ती पुस्तके छोट्या छोट्या प्रकरणांची असतात, त्यांचे अक्षर मोठे असते, दर दोन-तीन पानांआड एखादे चित्र असते आणि प्रकरण संपता संपता कुणाची तरी फजिती झालेली असते.

अशी पुस्तके वाचणे हे वाचनच आहे, आणि ते वाटते तितके सोपे नाही, असे माझे मत आहे. पात्र बोलते एक आणि करते भलतेच, हे ध्यानात आल्याशिवाय हसू येत नाही. म्हणजे कागदावर न छापलेले मुलाला स्वतःच ताडावे लागते. धड्याखालच्या प्रश्नाचे उत्तर काही न समजताही मजकुरातली ओळ उचलून लिहिता येते, पण एकट्याने वाचताना विनोद कळल्याशिवाय मूल खुदकन हसत नाही.

शिवाय सोपे लिहिणे लेखकालाही सोपे नसते. अमेरिकेत १९५४ मध्ये लेखक-पत्रकार जॉन हर्सी यांनी ‘लाइफ’ मासिकात शाळेतली वाचनपुस्तके नीरस असल्याची टीका केली. त्यानंतर मुलांसाठी लिहिणारे लेखक डॉ. स्यूस यांना नव्याने वाचायला शिकणाऱ्यांसाठी ठरावीक शब्दांच्या यादीतून पुस्तक लिहायला सांगण्यात आले, आणि १९५७ मध्ये अवघ्या २३६ वेगवेगळ्या शब्दांत ‘द कॅट इन द हॅट’ आले. त्यात प्रकरणे नाहीत, पण मोजक्या शब्दांत खरा विनोद साधता येतो हे त्याने दाखवून दिले.

लाल पेन

आपला युक्तिवाद चांगल्या पुस्तकांना लागू पडतो. अडचण उरलेल्यांची आहे. अनेक पुस्तकांत विनोद चित्रातच उरकलेला असतो आणि मजकुरात ढेकर, शिंका आणि धडामधुडूम यांपलीकडे फारसे काही नसते. अशा मालिकेची दहा पुस्तके वाचलेल्या मुलाला दहाव्या पुस्तकातही पहिल्यातलेच आखूड वाक्य भेटते. वाचनाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये मांडले होते की जे वाचतात त्यांची शब्दसंपत्ती वाढते, त्यामुळे पुढचे वाचन सोपे जाते, आणि मागे पडलेले आणखी मागे पडतात. मागे पडलेल्या मुलाकडे वेळ आधीच कमी असतो, आणि नेमका तोच वेळ नवा शब्द न देणाऱ्या पुस्तकांत घालवावा, हे मला पटत नाही.

चष्मेवाला

स्टॅनोविच यांचेच म्हणणे माझ्याही बाजूने वाचता येते. पुस्तक मिटून बसलेल्या मुलाला एकही नवा शब्द मिळत नाही.

पुस्तकांची राखण

ग्रंथालयात काम करत असल्यामुळे मालिकेविषयी थोडे सविस्तर लिहिते. ज्याला अजून अक्षरे जुळवतानाच दम लागतो, त्याला नवी पात्रे, नवे घर आणि नवी बोलण्याची धाटणी एकदम समजून घ्यायची म्हटले की पहिल्या पाच पानांतच तो थकतो. ओळखीच्या मालिकेत हे ओझे उतरलेले असते आणि सगळी शक्ती शब्दांकडे वळते, त्यामुळे लाल पेन यांना जो दोष वाटतो तोच या वाचकाचा आधार असतो. दुसरे म्हणजे, दहा वर्षांच्या मुलाच्या हाती सहा वर्षांच्या मुलाचे चित्रपुस्तक दिले तर तो ते दप्तरात लपवतो. प्रकरणे असलेले, जाडसर दिसणारे पुस्तक तो चारचौघांत उघडू शकतो.

मोठ्यांच्या नापसंतीचे म्हणाल, तर डेव्ह पिल्की यांची ‘कॅप्टन अंडरपँट्स’ ही मुलांची विनोदी मालिका २०१२ आणि २०१३ या दोन्ही वर्षी अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या, सर्वाधिक आक्षेप आलेल्या पुस्तकांच्या यादीत पहिली होती. पिल्की यांना लहानपणी डिस्लेक्सिया (अक्षरे-शब्द वाचणे अवघड जाण्याची अडचण) होता आणि शिक्षा म्हणून वर्गाबाहेर बसवले असताना त्यांनी ते पात्र रेखाटले होते. कंटाळलेल्या मुलाला काय हवे असते, हे त्यांना आक्षेप घेणाऱ्यांपेक्षा जास्त ठाऊक असावे.

लाल पेन

लेखकाचे बालपण कठीण होते म्हणून पुस्तक चांगले ठरत नाही.

मधली सुट्टी

हसायचे कुणाला, हा प्रश्न कुणी विचारलेला दिसत नाही. अडखळत वाचणारे मूल वर्गात बहुधा स्वतःच चेष्टेचा विषय झालेले असते, आणि लठ्ठ किंवा तोतऱ्या मुलाला हसणारे पुस्तक त्याला आधाराऐवजी भीती देते. बढाईखोर नायक तोंडघशी पडतो किंवा नियम करणारा मोठा माणूस स्वतःच्याच नियमात अडकतो, अशी पुस्तके निवडावीत. विनोद पांचट असला तरी मला त्याचे फारसे वावडे नाही.

लाल पेन

हे मान्य. मी पुस्तके काढून घ्या असेही म्हणत नाही. या वयात ऐकून समजण्याची क्षमता वाचून समजण्याच्या बरीच पुढे असते, म्हणून मुलाने स्वतः आखूड वाक्यांचे पुस्तक वाचावे आणि मोठ्यांनी त्याला लांब वाक्यांचे, पण तितकेच विनोदी पुस्तक मोठ्याने वाचून दाखवावे. प्रकरण संपल्यावर दोन-तीन प्रश्न जरूर विचारावेत, नाहीतर काय समजले ते कळणार कसे?

चष्मेवाला

वाचून दाखवण्याबद्दल पूर्ण सहमत. प्रश्नांबद्दल अजिबात नाही. हसून झाल्यावर लगेच परीक्षा होते, हे एकदा लक्षात आले की मूल पुढचे प्रकरण ऐकायलाही बसत नाही.