मदत हवी आहे: कॅसेटच्या संग्रहात कोणत्या गायकाचं पारडं जड, हे मोजायचं कसं?

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घरी 412 कॅसेट आणि 27 एलपी (मोठ्या तबकड्या) आहेत. कोणाचं गाणं सगळ्यात जास्त जमलंय ते काढायला बसलो अन् अडकलो, राजेहो.

आधी वहीत रेघा मारून मोजलं, मग मोबाईलवर एक्सेलमध्ये. भीमसेन जोशी 38, लता मंगेशकर 34, प्रल्हाद शिंदे 31. इथवर ठीक. पण गीतरामायणाचा माझ्याकडचा संच दहा कॅसेटचा आहे. तो एक अल्बम धरला तर सुधीर फडके 10 वर राहतात, दहा धरले तर 19 वर जातात. भीमगीतांच्या कॅसेटवर एका बाजूला प्रल्हाद शिंदे, दुसरीकडे भलतेच दोघं-तिघं. अर्धा-अर्धा गुण देऊन पाहिला, पण मग बेरजेला अर्थच उरत नाही. तुकडोजी महाराजांची भजनं तर वेगळाच घोळ. रचना महाराजांची, आवाज दुसऱ्यांचे, आणि कव्हरवर मोठा फोटो महाराजांचाच! नाव कोणाचं लिहू?

डिस्कॉग्ज या रेकॉर्ड-कॅसेटची यादी ठेवणाऱ्या वेबसाइटवर शोधलं, हिंदी एलपी सापडल्या, गावोगावच्या भजनांच्या कॅसेट नाहीत. साठेक कॅसेटची कव्हरं उंदरांनी खाल्लीत, त्यामुळे गाण्यांची संख्या किंवा मिनिटं मोजणं जमणार नाही. घरी कॉम्प्युटर नाही. डुप्लिकेट आणि घरी भरलेल्या कॅसेट आधीच वगळल्या आहेत.

ज्यांनी स्वतःचा संग्रह असा मोजलाय त्यांनी सांगा: संच एक धरता की जितक्या कॅसेट तितके? आणि मिश्र कॅसेट व भजनं कोणाच्या खात्यात टाकता?