पिकअपला जाड स्टिअरिंग स्टॅबिलायझर बसवणं म्हणजे दोष झाकणं?

रानवाट
फोर्ड एफ-250, रॅम 2500 असल्या दांडग्या पिकअपवाल्यांत कोणी नुसतं "स्टिअरिंग थरथरतंय" म्हणायचा अवकाश, पहिलं उत्तर ठरलेलं असतं: कंपनीचा स्टॅबिलायझर काढ, बाहेरचा जाड घाल. मग तेलाचा की गॅसचा, सिंगल की ड्युअल, यावर रात्र जागते. कोणी विचारत नाही की थरथरतंय कशामुळे.

माझं मत असं. ज्या गाडीला सरळ धावायला जाड स्टॅबिलायझर लागतो, ती गाडी बिघडलेली आहे. जी ठणठणीत आहे तिला कंपनीच्या जातीचा साधा पुरतो. म्हणून हा पार्ट यादीत सगळ्यात शेवटी घ्यायचा, आणि घेताना काम भागेल इतका मऊ घ्यायचा.

तो आहे काय? आडवा लावलेला शॉकअप. एक टोक अ‍ॅक्सलला किंवा चासीला, दुसरं टाय रॉडला (पुढची दोन्ही चाकं जोडणारा दांडा) किंवा ड्रॅग लिंकला (स्टिअरिंगची हालचाल चाकाकडे नेणारा दांडा). स्टिअरिंग सावकाश फिरवलं तर आतलं तेल निवांत वाट काढतं, चाकाला फटका बसला की तेच तेल अडून बसतं. म्हणजे तो हालचालीच्या वेगाला अडवतो, चाक मध्यावर आणून ठेवत नाही. ते काम कास्टरचं, म्हणजे चाकाच्या वळण्याचा अक्ष बाजूने बघताना मागे कललेला असतो त्या कोनाचं. "स्टॅबिलायझर घातला की गाडी भरकटायची थांबेल" असं समजून पैसे घालवणारे इथेच फसतात.

या दोन्ही गाड्यांच्या फोर बाय फोरला पुढे सॉलिड अ‍ॅक्सल असतो. म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड आस. तो आडवा सरकू नये म्हणून ट्रॅक बार, त्याला चासीशी बांधणारा आडवा दांडा. त्याच्या बुशमध्ये (जोडातल्या रबरात) नाहीतर बोल्टच्या भोकात जरासा प्ले, म्हणजे सैलपणा, आला, की हायवेच्या वेगात पुलाच्या जॉइंटवरून जाताना अख्खा अ‍ॅक्सल नाचायला लागतो आणि वेग चांगलाच खाली आणेपर्यंत थांबत नाही. यालाच सगळे डेथ वॉबल म्हणतात. जाड स्टॅबिलायझर हा नाच काही दिवस दाबून धरतो. तेवढ्या काळात बोल्टचं भोक आणखी लांबट होतं.

खरेदीआधी एकच करा. गाडी चाकांवर उभी, इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला. एकाने स्टिअरिंग पटपट थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवायचं. दुसऱ्याने बाजूने वाकून टॉर्च मारून ट्रॅक बारची दोन्ही टोकं, टाय रॉड एंड आणि ड्रॅग लिंकचे जॉइंट बघायचे, बोटं मध्ये न घालता. बार हलायच्या आधी ब्रॅकेटमध्ये बोल्ट हलताना दिसला, तर स्टॅबिलायझरचं बजेट तिकडे वळवा.

ट्रेलरवाला
रानवाट दादा, तपासणीचं सगळं मान्य. पण "ज्याला जाड लागतो ती गाडी बिघडलेली" हे रिकामी गाडी चालवणाऱ्याचं मत झालं.

मागे भरलेला ट्रेलर लावा. हूकवर वजन आलं की पुढचा भार हलका होतो, स्टिअरिंगचा हात सुटल्यासारखा वाटतो. वरून आडवा वारा, आणि शेजारून मोठा ट्रक गेला की धक्का. एकही जॉइंट सैल नसताना दिवसभर बारीकसारीक दुरुस्त्या करत बसावं लागतं. बाहेरचा चांगला डँपर, म्हणजे हाच स्टॅबिलायझर, लावला की संध्याकाळी खांदे दुखत नाहीत. यात झाकायला दोष आहे कुठे?

दुसरं, पुढचा टायर फुटला तर स्टिअरिंगला जो हिसका बसतो तो डँपर अडवतो. तेव्हा जाडच हवा असतो.

आणि फोर्डचं काय? 2017 ते 2019 च्या एफ-250, एफ-350 मध्ये थरथर येते म्हणून कंपनीने स्वतःच डँपर बदलून द्यायचा कार्यक्रम काढला. त्यांच्या इंजिनिअरांना बुश तपासायची अक्कल नव्हती का?

रानवाट
फोर्डचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे हो. याच थरथरीवरून 2019 मध्ये कॅलिफोर्नियात मालकांनी कंपनीवर दावा लावला आणि त्यांची तक्रार हीच होती की वरवरची मलमपट्टी होते, मूळ तसंच राहतं. शिवाय कंपनीने दिला तो कंपनीचा डँपर. बाहेरचा दुप्पट जाड लावा असं कोणी सांगितलं नाही.

रॅमचंही घ्या. 2019 मध्ये 2500 आणि 3500 च्या बऱ्याच गाड्या परत बोलावल्या, कारण ड्रॅग लिंकचा जोड सैल होऊन सुटू शकत होता. अशा गाडीत जाड स्टॅबिलायझरने आधीची खळखळ दाबून टाकली, तर मालकाला इशारा मिळणार कुठून?

ट्रेलरच्या थकव्याचं खरं आहे. पण हूकवरचं वजन, ट्रेलरमधल्या मालाची मांडणी आणि मागच्या टायरची हवा नीट केल्यावर किती थकवा उरतो ते आधी बघा.

ट्रेलरवाला
तेही केलंय. वजनकाट्यावर चढवून, वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (हूकवरचं वजन पुढच्या चाकांकडेही वाटणारा जोड) लावून. उरतो तो वारा. वाऱ्याचं बुश कुठे बदलून मिळतं ते सांगा.

मोजूनमापून
दोघेही "जाड" म्हणताय, पण जाडीपेक्षा आत काय आहे हे महत्त्वाचं, आणि निवडताना लोक नेमके इथे चुकतात.

मोनोट्यूबमध्ये, म्हणजे एकाच नळीच्या डँपरमध्ये, नायट्रोजन दाबून भरलेला असतो. हा दाब रॉडला सतत बाहेर ढकलतो. धरा रॉड 14 मिमीचा आणि दाब 20 बार. रॉडचं क्षेत्रफळ सुमारे 154 चौ. मिमी, म्हणजे साधारण 300 न्यूटन, तीसेक किलोचा रेटा, तोही एकाच बाजूला. हा रेटा टाय रॉडवर येतो. हायड्रॉलिक स्टिअरिंगमुळे तो हाताला तितका कळत नाही, पण सरळ रस्त्यावर गाडी एका अंगाला ओढते. मग माणूस अलाइनमेंटवाल्याकडे चकरा मारतो आणि दोष टायरला देतो. तपासायला सोपं आहे: डँपरचं एक टोक सोडा आणि ओढणं थांबतं का बघा.

यावर उपाय तीन. एक, गॅस नसलेला किंवा अगदी कमी दाबाचा ट्विन ट्यूब (नळीत नळी). दोन, थ्रू-शाफ्ट, म्हणजे रॉड दोन्ही टोकांतून बाहेर येतो, त्यामुळे रेटा आपोआप फिटतो. फॉक्सचा एटीएस या जातीचा, आणि त्याला मऊ-कडक करायची सोयही आहे. तीन, समोरासमोर दोन गॅस डँपर, एकाचा रेटा दुसरा खातो. ड्युअल लावायचं तांत्रिक कारण असेल तर ते एवढंच.

रानवाटच्या "मऊ घ्या" या नियमात म्हणूनच भोक आहे. कमी जाड पण जास्त दाबाचा मोनोट्यूब घेतलात, तरी गाडी ओढणारच. आणि स्प्रिंगवाला "मध्यावर आणणारा" प्रकार तर मी हेवी ड्यूटीला घालणारच नाही. स्प्रिंगचा मध्य आणि तुमच्या चाकांचा मध्य जरा जरी चुकला, तर गाडी कायम स्प्रिंगचं ऐकणार.

तेलकट हात
कोण बरोबर यात मला रस नाही. गॅरेजमध्ये दिसतं ते लिहितो.

बाहेरून आणलेल्या डँपरच्या तक्रारींपैकी निम्म्या बसवण्याच्या असतात. चाकं पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून बघायचं. दोन्ही टोकांना रॉडची चाल थोडी शिल्लक हवी. वळण थांबवायचं काम स्टॉपरचं. डँपरच ते करायला लागला तर ब्रॅकेट वाकतं किंवा डँपरचं सील जातं. मग गिऱ्हाईक म्हणतं, "महागडा घेतला तरी तेल गळतंय."

टाय रॉडवर क्लॅम्पने कसायचं ब्रॅकेट असेल तर मार्करने रेघ मारून ठेवा. काही दिवसांनी रेघ सरकलेली दिसली तर क्लॅम्प फिरतोय.

ट्रॅक बारचा बोल्ट गाडी जॅकवर टांगून कसणारे अजून भेटतात. चाकं जमिनीवर, गाडी तिच्या नेहमीच्या उंचीवर, आणि मग टॉर्क रेंचने. नाहीतर नवं बुश पिळवटलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं.

ड्युअल किट मागणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना ते डिफरेन्शियलच्या पुढे रंगीत दिसायला हवं असतं. बसवून देतो. आनंदी असतात. रेट्याचं गणित त्यांनी कधी विचारलं नाही.

एकोणीसचा पाना
माझी केस घ्या. एफ-250, 4 इंच लिफ्ट (गाडी तेवढी उचललेली), 37 इंचाचे टायर, बाहेर निघालेल्या रिम. ट्रॅक बार नवा, बॉल जॉइंट नवे, टाय रॉड एंड नवे, टायर दोनदा बॅलन्स. वॉबल नाही. पण खड्ड्यात चाक गेलं की स्टिअरिंग हातातून हिसकावलं जातं. थ्रू-शाफ्ट डँपर मागवलाय, बॉक्स समोर आहे. रानवाटच्या मते आता माझी गाडी बिघडलेली का?

रानवाट
बिघडलेली नाही, बदललेली. रिम बाहेर काढली की चाकाच्या वळण्याचा अक्ष आणि टायरचा मध्य यांतलं अंतर वाढतं. मग खड्ड्याच्या प्रत्येक फटक्याला स्टिअरिंग फिरवायला लांब दांडा मिळतो. हे तुम्ही विकत घेतलंय. कमी बाहेर येणारी रिम हा खरा इलाज.

ट्रेलरवाला
बघा, आता रिमपण चूक! म्हणजे कंपनीतून निघाली तशी ठेवली तरच गाडी बरोबर. अहो, माणसाने 37 चे टायर हौसेने घातलेत, त्यांची वजनं जड, फटके जड. तेवढ्या वजनाला कंपनीचा डँपर बनवलेलाच नाही. इथे बाहेरचा जाड डँपर हाच बरोबर पार्ट आहे, पांघरूण नाही.

मोजूनमापून
पाना भाऊंच्या केसमध्ये मी ट्रेलरवाल्यांच्या बाजूने. चाकाचं वजन आणि दांडा दोन्ही वाढले, तर अडवणारी ताकद वाढवणं हिशोबात बसतं. फक्त समायोजनाची सोय असेल तर सगळ्यात मऊवर सुरुवात करा. हिसका सहन होईल इथपर्यंत एकेक टप्पा वाढवा आणि थांबा. जास्त कडक केलात तर वळण संपल्यावर स्टिअरिंग आळसावून परत येतं, आणि थंडीत तेल घट्ट झाल्यावर आणखीच.

शिवाय बॅलन्सिंग दोनदा झालं म्हणजे विषय संपला असं नाही. 37 इंचाचा टायर ताशी 90 किमीला सेकंदाला साडेआठ फेरे मारतो. टायर गोल नसेल तर कितीही शिसं चिकटवा, तो तेवढ्या वेळा उसळणारच. टायर दाबून फिरवत त्याचा गोलपणा बघणाऱ्या रोड फोर्स मशीनवर एकदा बघून घ्या.

तेलकट हात
पाना, लिफ्टनंतर कास्टर किती? अलाइनमेंटच्या कागदावर असेल.

एकोणीसचा पाना
डावा 1.6 अंश, उजवा 1.9.

तेलकट हात
कमी आहे. रेडियस आर्मवर (अ‍ॅक्सलला चासीशी धरणारे लांब दांडे) गाडी उचलली की अ‍ॅक्सल पुढे कलतो आणि कास्टर पडतो. किटबरोबर ड्रॉप ब्रॅकेट (आर्मचं टोक खाली आणणारे) किंवा बदललेले आर्म आले होते का? नसतील तर वळणानंतर स्टिअरिंग आपण होऊन परत येत नसणार.

एकोणीसचा पाना
नाही येत. मला वाटलं टायरच्या वजनाने असेल. ब्रॅकेट आले नव्हते, नुसत्या स्प्रिंगा आणि शॉकअप.

रानवाट
😀 मी काही बोलत नाही.

मोजूनमापून
बोलू नकाच, कारण कास्टर वाढवला म्हणून खड्ड्यातला हिसका जाणार नाही. सरळ धावणं आणि परत येणं सुधारेल. हिसका रिममुळे आहे. उलट कास्टर अती केला तर थरथर जागी होऊ शकते. दोन वेगळे आजार आहेत.

तेलकट हात
बरोबर. पाना, आधी ब्रॅकेट लावून कास्टर तीनच्या वर आण. गाडी चार दिवस चालव. मग डँपर. दोन्ही एका दिवशी केलंस तर कशाने काय झालं ते तुलाही कळणार नाही, मलाही नाही. तोवर बॉक्सचं सील फोडू नकोस, फोडलेला परत घेत नाहीत.

ट्रेलरवाला
फोड रे सील. चार दिवसांनी लावायचाच आहे.