मदत हवी आहे : उबुंटूच्या 'फाइल्स'मधून डाव्या बाजूचे शॉर्टकट वारंवार नाहीसे होतात

सर्वांना सादर नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात उबुंटू २२.०४ ही संगणकप्रणाली असलेला एक संगणक आहे. होम फोल्डरमधील जागा अपुरी पडू लागल्यामुळे 'डॉक्युमेंट्स' आणि 'पिक्चर्स' हे फोल्डर मी डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर (वेगळ्या भागावर) हलवले व 'युजर-डर्स' या सेटिंगच्या फाइलमध्ये नवे पत्ते लिहिले. परंतु वीज गेली आणि संगणक पुन्हा सुरू केला, की हे दोन्ही शॉर्टकट डावीकडच्या पट्टीतून गायब होतात. पावसाळ्यात आमच्याकडे हे दिवसातून दोनदाही घडते.

आतील मजकूर सुरक्षित असतो, हे आधी सांगतो. गावातील वृद्धांनी विश्वासाने दिलेली जुनी छायाचित्रे त्यात असल्यामुळे पहिल्या वेळी मी फार घाबरलो होतो. 'युजर-डर्स'ची फाइल उघडली असता दोन्ही पत्त्यांच्या जागी केवळ होम फोल्डरचा पत्ता आढळला. ते पार्टिशन त्यावर क्लिक केल्याशिवाय माउंट होत नाही (वापरासाठी जोडले जात नाही), त्यामुळे लॉगिनच्या वेळी फोल्डर न सापडून प्रणाली पत्ता बदलते, असे मला वाटते. मी स्वतः जोडलेले बुकमार्क वेगळ्या फाइलमध्ये असल्याने शाबूत आहेत.

आता 'एफएसटॅब'मध्ये (सुरुवातीला कोणती पार्टिशन जोडायची, याच्या यादीच्या फाइलमध्ये) पार्टिशनचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) लिहून ते सुरुवातीलाच माउंट करावे, की 'युजर-डर्स'च्या कॉन्फ फाइलमध्ये 'एनेबल्ड'ची किंमत 'फॉल्स' करावी, म्हणजे पत्ते आपोआप बदलणे बंद करावे? 'एफएसटॅब'मध्ये 'नोफेल' (पार्टिशन न सापडले तरी संगणक सुरू होऊ देणारा पर्याय) लिहिल्यास लॉगिनपूर्वी पार्टिशन नक्की जोडले जाईल का? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.