विमानतळावर मेट्रोने न जाणाऱ्यांची 'मानसिकता'

माहीमची खाडी
"वेळ आणि भाडं यांचा हिशेब केला तर मुंबई विमानतळाच्या टी-टू टर्मिनलला जायला भुयारी मेट्रोच सरस. तरी लोक टॅक्सीत बसतात. अडचण वाहतुकीची नाही, मानसिकतेची आहे." कुणा वाहतूक नियोजकाची ही पोस्ट सकाळपासून प्रत्येक ग्रुपवर येतेय. सोबत कोष्टक. मेट्रो: भाडं जास्तीत जास्त ७० रुपये, सिग्नल नाही, ट्रॅफिक नाही. टॅक्सी: त्याच्या कित्येक पट. तात्पर्य, मुंबईकराला अक्कल नाही.

उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, राहवलं नाही.

हे कोष्टक स्टेशनापासून स्टेशनापर्यंतचं आहे. स्टेशनात कुणी राहत नाही. मुलुंडच्या माणसाने काय करायचं? लोकलने घाटकोपर, जिने चढून मेट्रो वन, मरोळ नाक्याला उतरून जमिनीखाली, आणि तिथून टी-टू फक्त एक स्टेशन. सकाळी साडेआठला घाटकोपरच्या पुलावरून तेवीस किलोची बॅग नेऊन दाखवा, मग मानसिकतेवर बोलू. कोष्टकात बॅगेचा रकानाच नाही.

आणि ही सरासरी वेळ काय भानगड आहे? ऑफिसला वीस मिनिटं उशीर झाला तर साहेब तोंड वाकडं करतो, विषय संपला. विमानाचं काउंटर तासभर आधी बंद होतं; त्यानंतर वीस मिनिटांनी पोचलात काय आणि उद्या पोचलात काय, सारखंच. म्हणून विमानाला निघालेला माणूस सरासरी दिवस धरून निघत नाही, सगळ्यात वाईट दिवस धरून निघतो. जिथे तीन गाड्या पकडायच्या, तिथे फसायच्याही तीन जागा. शिवाय युरोप-अमेरिकेची बरीच विमानं मध्यरात्रीनंतरची. तेव्हा मेट्रोला कुलूप. यात मानसिकता कुठे आली?

लघुगणक
मी याच धंद्यात आहे, म्हणून लिहितो. ती पोस्ट फालतूच आहे, पण तुम्ही कोष्टकावर चिडून, लोक कशाने जातील याचा अंदाज बांधणाऱ्या आमच्या गणिती मॉडेलला बडवताय.

त्यातलं सगळ्यात साधं, लॉगिट नावाचं मॉडेलसुद्धा दारापासून दारापर्यंतचा वेळ घेतं. चालण्याच्या आणि वाट बघण्याच्या मिनिटाला बसून काढलेल्या मिनिटापेक्षा जास्त वजन देतं, गाडी बदलण्याचा वेगळा दंड लावतं. विमानतळाच्या मॉडेलात प्रवाशांचे निदान चार गट पाडतात: इथला की बाहेरचा, कामाला चाललेला की घरच्या कारणाने. कंपनी बिल भरतेय त्याला टॅक्सीचं भाडं टोचत नाही. बाहेरून आलेल्याची गाडी इथे दारात उभी नसते. तुम्ही शोध लावल्यासारखं जे सांगताय ते आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात.

आणि हे नुसते हवेतले आकडे नाहीत. सॅन फ्रान्सिस्को परिसरात बार्ट रेल्वे सुरू होण्याआधी अधिकृत अंदाज होता, १५ टक्के लोक वापरतील. डॅनियल मॅकफॅडन यांच्या मॉडेलने सांगितलं ६.३. प्रत्यक्षात निघाले ६.२. २००० सालचं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना अशाच कामासाठी मिळालंय.

माहीमची खाडी
छान. तो अंदाज कामावर जाणाऱ्यांचा होता. बार्ट सॅन फ्रान्सिस्को विमानतळात शिरली २००३ साली, म्हणजे नोबेल मिळाल्यानंतर. रोज त्याच वाटेने ऑफिस गाठणारा आणि वर्षातून एकदा लेकीकडे निघालेला, दोघांना एकाच सूत्रात बसवणार?

बरं, तुमचं साधं लॉगिट. समजा निम्मे लोक मेट्रोने जातात, निम्मे काळी-पिवळीने. उद्या ॲपवाली टॅक्सी आली. तुमचं सूत्र म्हणणार, तिघांत सारखी वाटणी, मेट्रोचे लोक ५० वरून ३३ टक्क्यांवर. प्रत्यक्षात ॲपवाला काळी-पिवळीचंच गिऱ्हाईक खाणार. हे टॅक्सीवाल्याला न शिकता कळतं.

लघुगणक
ही लाल बस-निळ्या बसची जुनी खोड आहे: फक्त रंग वेगळा असलेल्या दोन बसनाही सूत्र दोन वेगळे पर्याय धरतं. त्यावरचा इलाजही जुना आहे. टॅक्सी-टॅक्सी एका घरट्यात घालायच्या, मेट्रो वेगळी ठेवायची. नेस्टेड लॉगिट म्हणतात त्याला. पण तुम्ही उदाहरण नीट घेतलंत, एवढं कबूल.

टपरीवर कटिंग
दिल्लीचं कुणी काढत कसं नाही? एअरपोर्ट एक्सप्रेस २०११ ला सुरू झाली. नवी दिल्ली स्टेशनात बॅग टाकायची सोय, स्वच्छ डबे. २०१२ मध्ये दुरुस्तीसाठी बंदच पडली, २०१३ ला चालवणारी खासगी कंपनी निघून गेली, दिल्ली मेट्रो चालवणाऱ्या डीएमआरसीने ताब्यात घेतली. पुढे भाडी खाली आणली तेव्हा गर्दी वाढली. मानसिकता तीच, माणसं तीच, भाडं बदललं.

पेठेतला
तुमचं मुंबई-मुंबई झालं असेल तर पुण्याचं बोलू? आम्ही आधी विमानतळ निवडतो, मग गाडी. लोहगावहून परदेशी थेट विमानं मोजकीच, म्हणून रात्री शेअर टॅक्सीत कोंबून सहार. ड्रायव्हर फूड मॉलला वडापावसाठी थांबणार आणि आपण घड्याळाकडे बघत बसायचं. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून उड्डाणं सुरू झाली, आता एक्सप्रेसवे संपला की जवळपास पोचलोच. कुठून उडायचं आणि तिथवर कसं जायचं हा आमच्यासाठी एकच निर्णय आहे. येतं का हे मॉडेलात?

लघुगणक
येतं. दोन्ही निवडी एकत्र धरणारी मॉडेलं असतात. दक्षिण मुंबईकर नवी मुंबईला जाईल का, याच्या उत्तरात अटल सेतूचा गाडीमागे एकेरी २५० रुपये टोलही धरावा लागतो.

पेठेतला
तरी पुण्यासाठी ठरलेल्या पुरंदर विमानतळाचं काय झालं ते नाहीच सांगणार कुणी.

साताऱ्याची मावशी
एवढी चर्चा झाली, सोडायला येणारे कुठेच नाहीत. मुलगा पहिल्यांदा कॅनडाला निघाला तेव्हा आम्ही दोन गाड्या केल्या होत्या. सासूबाईंनी डब्यात दही घेतलं होतं, आत जाताना त्याच्या हातावर ठेवायला. त्याला एकट्याला टॅक्सीत बसवून दिलं असतं तर स्वस्त पडलं असतं, पण तो विषय कुणी काढलाच नाही.

कामाचं बोला
माफ करा मावशी, पण याचमुळे डिपार्चरच्या रॅम्पवर तीन-तीन रांगा लागतात. प्रवासी एक, सोबत अख्खं गाव. मागे ज्याचं विमान सुटतंय तो हॉर्न वाजवतो आणि पुढे दही चाललेलं असतं.

साताऱ्याची मावशी
तुम्हाला कुणी सोडायला येत नसेल तर त्याचा राग आमच्या दह्यावर का काढता?

कामाचं बोला
वैयक्तिक होऊ नका. बायको यायचं म्हणते, मीच नको म्हणतो.

पेठेतला
म्हणजे त्या येऊ म्हणतात आणि तुम्ही त्यांना घरी बसवता. धागा भलत्याच वळणावर चाललाय, पण वाचतोय.

कामाचं बोला
पेठेतल्यांनी शेजारधर्म शिकवू नये.

लघुगणक
दोघेही थांबा, हा विषय खरंच महत्त्वाचा आहे. स्वतःची गाडी नेऊन तिथे उभी केली तर जाऊन-येऊन गाडीच्या दोन फेऱ्या होतात. कुणी सोडायला आणि आणायला आलं तर चार. रस्त्यावरचा भार दुप्पट. म्हणून नियोजकांना सोडणारे नको असतात. विमानतळाला पार्किंगचे पैसे मिळतात, हे वेगळंच.

रातपाळी
नको असतात म्हणे. मी कामासाठी महिन्याला उडते. परतीचं विमान रात्री दोनला उतरतं. एकदा ॲपवरून बोलावलेल्या गाडीवाल्याने हायवे सोडून भलताच रस्ता धरला. विचारलं तर गाण्याचा आवाज वाढवला. घरी पोचेपर्यंत फोन कानाला होता. तेव्हापासून बाबा येतात. वय झालंय, रात्री गाडी चालवताना समोरचे दिवे डोळ्यांवर येतात, तरी तासभर आधी येऊन उभे असतात. तुमच्या हिशेबात ही फेरी फुकट, कारण भाडं दिलं नाही. बाबांच्या रात्रीची किंमत किती लावलीत?

लघुगणक
बहुतेक वेळा शून्य, किंवा अंदाजाने काहीतरी. हा दोष खरा आहे. मॉडेल ज्या प्रश्नावलीवरून बनतं तिच्यात सोडणारा नसतोच, उत्तरं प्रवासी देतो. सुरक्षिततेचा प्रश्न असला तर शेवटच्या पानावर, आणि तिथवर येईपर्यंत बोर्डिंगची घोषणा होते. पण म्हणून मॉडेलच टाकून द्या म्हणाल तर मग मेट्रोचे डबे किती घ्यायचे हे मावशींना विचारून ठरवायचं का?

साताऱ्याची मावशी
विचारून बघा. बॅग ठेवायला जागा द्या म्हणेन.

माहीमची खाडी
अभिनंदन, अखेर कुणाचा तरी बाप मॉडेलात शिरला. आता शेवटचं विचारतो. ही प्रश्नावली तुम्ही कुठे भरून घेता?

लघुगणक
सहसा सुरक्षा तपासणीच्या पलीकडे, गेटजवळ. लोक निवांत असतात, उत्तरं देतात.

माहीमची खाडी
म्हणजे ज्याचं विमान चुकलं तो तुमच्या नमुन्यात कधीच येत नाही. जे पोचले त्यांनाच विचारणार, कसे आलात? आणि त्यावरून ठरवणार की मेट्रो भरवशाची आहे, लोकच भित्रे आहेत.

लघुगणक
घरोघर जाऊन केलेल्या पाहणीत तो सापडू शकतो, पण तिथे मुळात विमानाने जाणारेच थोडे भेटतात आणि खर्च फार. मुद्दा बरोबर आहे, लिहून ठेवतो. पुढच्या वेळी बंद काउंटरसमोर उभं राहून विमान चुकलेल्यांकडून प्रश्नावली भरून घ्यायचं काम तुमचं. मी लांबून बघेन.