मदत हवी आहे: काणकोणहून मोपा विमानतळ गाठायला किती वाजता निघावं?

आईला नागपूरला मावशीच्या नातवाच्या मुंजीला जायचंय. वय ७१, विमानात पहिल्यांदाच बसणार. तिकीट मी काढलं आणि घोळ घालून ठेवला. यादीत 'गोवा' दिसलं, वेळ बरी वाटली, पैसे भरून मोकळी झाले. प्रिंट काढताना नवऱ्याने विचारलं, "हे जीओएक्स काय आहे?" गोव्यात विमानतळ दोन, त्यांचे कोडही वेगळे. आम्हाला जवळचं दाबोळी म्हणजे जीओआय. जीओएक्स म्हणजे मोपा!

आम्ही चावडीजवळ राहतो. दाबोळी साधारण ६० किमी. मोपा पेडण्यात, म्हणजे गोव्याचं पार दुसरं टोक, शंभर किमी तरी होतंच. रद्द केलं तर हातात फारसं काही येत नाही, म्हणून तो विषय सोडला.

विमान सकाळी ७:१० चं, नागपूरला ८:५५. आता लेकाने नवीनच काढलंय. म्हणतो, "मोपा ते नागपूर सरळ रेषेत ८१० किमी, विमान ताशी ८०० ने जातं, मग तासात पोचायला हवं." मामा तिकडे न्यायला येणार आहे, वयाने तोही सत्तरीचाच. त्याला आठला बोलावू की नऊला? आणि आम्ही घरून कधी निघावं? पर्वरीच्या उड्डाणपुलाच्या कामाची भीती वाटते.

प्रतिसाद
ताई, लेकाचा भागाकार बरोबर आहे, पण विमान काही उंबऱ्यातून थेट ८०० ने सुटत नाही. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि तिकडे जागेवर उभं राहिलं की संपते. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरताना वेग कमी करणं, शिवाय मार्गही सरळ रेषेत नसतो. कंपन्या थोडी वेळ हाताशीही ठेवतात. बॅग पट्ट्यावर यायला आणखी वेळ, तेव्हा मामांना सव्वानऊला बोलवा.

बॅगेचा काउंटर तासभर आधी बंद होतो, म्हणजे ६:१० ची रेषा. सव्वापाचला दारात हवं. अडीच तास धरून पावणेतीनला निघा. त्या वेळी पर्वरी मोकळी असते, पण करमल घाट अंधारात सावकाश. धारगळला हायवे सोडलात की पुढे विमानतळाचा वेगळा रस्ता आहे. म्हापशाला कुणी नातेवाईक असेल तर आदल्या रात्री तिथे मुक्काम करा, आईंना झोप तरी मिळेल. आणि बॅगेत सुकं खोबरं असेल तर काढून ठेवा, विमानात नेऊ देत नाहीत.

धागाकर्ती
म्हापशाला नणंद आहे, सुचलंच नव्हतं! आभारी आहे. खोबऱ्याच्या आठ वाट्या आत्ताच काढल्या. आई रुसून बसलीय, "मग मुंजीला काय रिकाम्या हाताने जाऊ?" आमसुलं चालतील ना?

प्रतिसाद
चालतील. डबा मात्र घट्ट बांधा, आगळ झिरपला तर साडी गेली.